पटाचे नियम कोणाचे?

लुडोच्या ॲपमध्ये एक गोष्ट कधीच घडत नाही, ती म्हणजे नियमावरून भांडण. सोंगटी कधी बाहेर काढायची, दुसऱ्याची मारली तर पुन्हा दान मिळतं का, लागोपाठ तीनदा सहा पडले तर काय, हे सगळं ॲपने आधीच ठरवलेलं असतं. फार तर सेटिंगमध्ये एक-दोन पर्याय असतात. ओट्यावरच्या डावात मात्र कोणीतरी म्हणतंच, "तुमच्याकडं असंन तसं, आमच्याकडं नाई चालत."

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरते. बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातलं बीबी हे माझं गाव. पटावरचे खेळ ऑनलाइन खेळायची बरीच सॉफ्टवेअर मी वापरली आहेत, आणि त्यातल्या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही वाचता येतो त्यांचा, आतला कोडही वाचलेला आहे. त्यांची समीक्षा सहसा ग्राफिक्स कसं, वेग किती, जाहिराती किती अशा प्रश्नांवर होते. मला इथे वेगळा प्रश्न विचारायचाय. या सॉफ्टवेअरमध्ये "आमच्याकडे असं चालत नाही" म्हणायची जागा कुठे आहे? आणि बीबीतल्या एखाद्या आजीला ते म्हणायचं असेल, तर ते आत कसं पोचेल?

घरचा खेळ परत आला, पण कसा

आधी लुडोचंच बघू. पचिशी हा कवड्यांवर आणि कापडी पटावर खेळायचा आपल्याकडचा जुना खेळ. तो अमेरिकेत गेला आणि १८७४ साली तिथल्या एका कंपनीने 'पार्चिसी' या नावाने त्याचा ट्रेडमार्क घेतला. इंग्लंडमध्ये कवड्या काढून त्या जागी सहा बाजूंचा फासा आला, नियम सोपे झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लुडो' या नावाने पेटंट झालं. तोच लुडो पुठ्ठ्याच्या डब्यात बसून आपल्याकडे परत आला. २०१६ साली नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीने 'लुडो किंग' काढलं आणि लॉकडाऊनमध्ये ते घराघरांत पोचलं.

यात कोणी चोरी केली असं मी म्हणत नाही. खेळ कोणाच्याही मालकीचा नव्हता, म्हणून कोणीही घेऊ शकलं. पण घेणाऱ्या प्रत्येकाने दार आतून लावून घेतलं. नाव नोंदवलं, पेटंट घेतलं, शेवटी कोड बंद ठेवला. आपण पैसे लावून खेळायच्या लुडोवर भरपूर वाद घातला, पण तो कौशल्य की नशीब एवढाच होता. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून पैशांवरचे ऑनलाइन खेळ हा भेद न करता बंद केले. नियम बदलायचा हक्क खेळणाऱ्यांकडून कधी गेला, यावर मात्र चर्चा झालीच नाही.

चिंचोक्याचं गणित

नियम बदलला म्हणजे नेमकं काय बदलतं? आमच्याकडच्या पाच बाय पाच घरांच्या खेळाचं उदाहरण घेते. तेलुगू मुलखात याला अष्टाचम्मा म्हणतात, कन्नडमध्ये चौकाबारा, आपल्याकडे गावागणिक नाव बदलतं. जमिनीवर खडूने किंवा विटकरीने पंचवीस घरं आखायची. प्रत्येक बाजूच्या मधल्या घरावर आणि मधोमध फुली. चार खेळाडू आपापल्या फुलीवरून निघतात, बाहेरची सोळा घरं एका दिशेने फिरतात, मग आतली आठ घरं उलट्या दिशेने, आणि शेवटी मधली फुली. दान टाकायला चार कवड्या. त्या नसतील तर दोन चिंचोके दगडावर घासून किंवा फोडून त्यांच्या चार फाका करायच्या. एक बाजू पांढरी, एक तपकिरी.

एक उताणी पडली तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन, चारही उताण्या तर चार आणि चारही पालथ्या तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा दान.

आता हा खेळ फोनसाठी लिहायला घ्या. घाईत असलेला प्रोग्रामर म्हणेल, दान पाचच प्रकारचं आहे, १, २, ३, ४ आणि ८. यातलं एक यादृच्छिक निवडा. एका ओळीचा कोड झाला, खेळही चालला. पण त्यात प्रत्येक दानाची शक्यता पाचात एक झाली. खऱ्या फाकांमध्ये तसं नसतं. प्रत्येक फाक दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असं धरलं, तर चार फाका सोळा प्रकारे पडू शकतात. त्यातल्या सहा वेळा दोन येतात, चार वेळा एक, चार वेळा तीन, आणि चार किंवा आठ प्रत्येकी एकदाच. म्हणजे आठ पडणं ही सोळात एकदा होणारी गोष्ट, तिच्यासाठी लोक मुठीत फुंकर मारतात. फोनवर तीच पाचात एकदा झाली. पुन्हा दान मिळायची शक्यता आठात एक होती, ती पाचात दोन झाली. एका दानातली सरासरी चाल अडीच घरांवरून ३.६ घरांवर गेली.

दिसायला पट तोच, सोंगट्या त्याच, पण खेळ दुसरा. ज्या खेळात दोन-तीन घरांचा हिशेब करून दुसऱ्याच्या मागे दबा धरून बसायचं असतं, तो नुसता पळापळीचा झाला. लहानपणापासून खेळलेली बाई चार डावांत म्हणेल, "याचं दान खोटं पडतंय." तिचं म्हणणं बरोबर असेल. कोड बंद असेल तर ही तक्रार तिच्या तोंडातच राहते. उघडा असेल तर कोणीतरी त्या ओळीवर बोट ठेवून दाखवू शकतं. सर्व्हरवर खरोखर तोच कोड चालतो का, हा प्रश्न उरतोच. पण चूक कुठे आहे यावर निदान बोलता येतं.

लीचेस: उत्तम, आणि तरीही

मुक्त-स्रोत खेळांमधलं सगळ्यात यशस्वी काम म्हणजे लीचेस. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० साली ते सुरू केलं. बुद्धिबळ खेळा, कोडी सोडवा, डावाचं विश्लेषण करा, सगळं फुकट आणि जाहिरातींशिवाय. खर्च देणग्यांवर चालतो. तिथे खेळल्या गेलेल्या रेटेड डावांचा साठा दर महिन्याला कोणालाही उतरवून घेता येतो. वापरायची भाषा मराठीही लावता येते, आणि हे भाषांतर स्वयंसेवकांनी केलेलं आहे.

परवानाही विचार करून निवडलाय, एजीपीएल. याचा अर्थ साधा. कोड घ्या, बदला, स्वतःची साइट चालवा. पण तुमच्या साइटवर लोक खेळत असतील, तर तुमचे बदलही त्यांना उघडे करून द्या. पचिशीच्या बाबतीत जे झालं ते इथे करता येणार नाही. घेणाऱ्याला दार आतून लावता येत नाही.

हे नुसतं कागदावर नाही. लीचेसवर विश्लेषण करणारं स्टॉकफिश हे इंजिन जीपीएल परवान्याखाली आहे. २०२१ साली त्याच्या लेखकांनी चेसबेस या जर्मन कंपनीवर दावा लावला. आमच्या कोडवर आधारलेली इंजिनं तुम्ही विकता, पण परवान्याच्या अटी पाळत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. नोव्हेंबर २०२२मध्ये तडजोड झाली. सगळ्यांचं असलेलं काही तरी सगळ्यांचंच राहावं यासाठी कोर्टात जाता येतं, हे त्यातून दिसलं.

इतकं सांगून आता तक्रार. लीचेसवर नेहमीच्या बुद्धिबळाखेरीज आठ प्रकार आहेत: चेस९६०, क्रेझीहाउस, किंग ऑफ द हिल, थ्री-चेक, अँटीचेस, ॲटॉमिक, होर्ड आणि रेसिंग किंग्ज. यात मोहरं मारलं की स्फोट होऊन आजूबाजूची मोहरीही उडतात असा खेळ आहे. पण बुद्धिबळ जिथे जन्मलं तिथे शतकानुशतकं खेळली गेलेली देशी पद्धत त्यात नाही. त्या पद्धतीत प्यादं सुरुवातीला दोन घरं उडी मारत नसे. शेवटच्या पट्टीत पोचलेलं प्यादं हवं ते मोहरं होत नसे, ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच होई. राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्यासारखी चाल करता येई. या एका प्याद्याच्या नियमानेच शेवटचा डाव बदलतो. कोणतं प्यादं पुढे रेटायचं हे ते कोणत्या रांगेत आहे यावर ठरतं.

लीचेसच्या लोकांनी ही पद्धत मुद्दाम वगळली असं मला वाटत नाही. ती मागणारं कोणी आत आलंच नसावं. हे शक्य आहे याचा पुरावा शेजारीच आहे. पायचेस नावाच्या साइटने लीचेसच्या पटाचा कोड घेऊन तो वाढवला, स्टॉकफिशवरून तयार झालेलं फेअरी-स्टॉकफिश हे इंजिन त्याला जोडलं, आणि आज तिथे थायलंडचं मकरुक, म्यानमारचं सित्तुयिन, चीनचं शियांगची, कोरियाचं जांगी हे सगळं खेळता येतं. परवान्याने दार उघडं ठेवलं होतं, आणि त्यातून ते खेळ आत आले. विदर्भातही बुद्धिबळाला दिवस बरे आहेत. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली बातुमीत महिला विश्वचषक जिंकला. खेळणारे आपल्याकडे आहेत, कोड लिहिणारे तर ढिगाने आहेत. मग देशी पद्धतीसाठी दार कोणी ठोठावलं नाही, ते का?

पंच हवा की नुसता पट?

लीचेस हे पंचासारखं सॉफ्टवेअर आहे. चुकीची चाल तुम्हाला करताच येत नाही. याच्या अगदी उलट टोकाला व्हॅसल आहे. हे जावामध्ये लिहिलेलं जुनं मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर, युद्धाचे पटखेळ लांबून खेळता यावेत म्हणून रॉडनी किनीने सुरू केलेलं. ते बहुतेक वेळा नियम सांभाळतच नाही. पट देतं, सोंगट्या देतं, फासे देतं. सोंगटी कुठे ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा. समोरच्याने चुकीची चाल केली तर त्याला बोला. एखाद्या खेळाचा पट आणि सोंगट्यांची चित्रं जोडून कोणीही त्याचं मॉड्यूल बनवू शकतं, कोड फारसा न लिहिता.

माझ्या मते आपल्या घरगुती खेळांना हे जास्त जवळचं आहे. ज्या खेळाचे नियम गावागणिक बदलतात, त्याच्यासाठी पंच लिहायचा म्हणजे कुठलं तरी एक गाव बरोबर ठरवायचं. नुसता पट दिला तर भांडण माणसांकडेच राहतं.

पण व्हॅसल बीबीत चालणार नाही. ते कॉम्प्युटरवर चालतं, फोनवर नाही. इन्स्टॉल करायचं, मग मॉड्यूल शोधून उतरवायचं, मग इंग्रजी मेनू. ज्यांच्या हातात फक्त फोन आहे अशा लोकांच्या खेळांना साजेशी रचना, ज्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे अशा लोकांसाठी बांधली गेली. मुक्त-स्रोत जगावरची ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. कोड सगळ्यांना उघडा आहे, हे खरं. तो वापरायला कोणती यंत्रं, कोणती भाषा आणि किती मोकळा वेळ लागतो, हा विचार मागून येतो, किंवा येतच नाही.

कागदावर होतं तेच मशीनमध्ये गेलं

तिसरं उदाहरण लुडी. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात कॅमरन ब्राउन यांच्या नेतृत्वाखाली २०१८ ते २०२३ या काळात डिजिटल लुडीम प्रोजेक्ट चालला, त्यातून हे आलं. जगभरचे पारंपरिक खेळ एका समान भाषेत लिहायचे ही त्यामागची कल्पना. पट कसा, सोंगट्या किती, चाल कशी, जिंकायचं कधी, असे छोटे छोटे तुकडे जोडून खेळाचं वर्णन करायचं. वर्णन लिहिलं की लुडी तो खेळ खेळून दाखवतं. एक हजाराहून जास्त खेळ त्यात आहेत, पचिशी आहे, पंचवीस घरांच्या खेळाचा एक भाऊही आहे. एक पथ्य मला फार आवडलं. नियम कुठून घेतले, ते कोणी नोंदवले, हेही प्रत्येक खेळासोबत दिलेलं असतं.

या नोंदी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. भारतातले यातले अनेक खेळ ज्या लेखांतून आले, ते शंभर वर्षांपूर्वीचे आहेत. उदाहरणार्थ, ई. द एम. हम्फ्रीज यांनी १९०६ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात बुंदेलखंडातल्या कर्वी भागातल्या पचिशीवर आणि तशा खेळांवर टिपण लिहिलं. म्हणजे कर्वीच्या ओट्यावर कसं खेळत होते हे आज नेदरलँड्समधल्या मशीनला माहीत आहे. जिथे असं लिहिणारं कोणी पोचलं नाही, तिथले नियम मशीनला माहीत नाहीत. आपल्या जवळचं नाव घ्यायचं तर औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण. त्यांनी १८७१ साली 'क्रीडाकौशल्य' लिहून अनेक पटखेळ संस्कृतात नोंदवले. त्यानंतर आमच्या भागातल्या ओट्यांवर नियम तोंडीच चालत राहिले.

लुडीबद्दल एक सावधगिरी. त्याचा कोड गिटहबवर वाचता येतो, म्हणून लोक त्याला मुक्त-स्रोत समजतात. पण त्याचा परवाना बदल करून पुन्हा वाटायला आणि व्यापारी वापराला मनाई करतो. म्हणजे वाचा, पण बदललेलं लोकांना देऊ नका. खेळांचा इतिहास जपणाऱ्या प्रकल्पाने खेळ बदलत राहण्याचा रस्ताच अडवावा, हे मला पटत नाही.

आजीचा नियम, मामीचा नियम

आता परत त्या पंचवीस घरांकडे येऊ. आमच्या घरी आजीचा नियम असा की दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या आठ घरांत शिरता येत नाही. मारली नाही तर बाहेरच फिरत राहायचं. माझ्या मामीचं माहेर जालन्याकडचं, तिच्याकडे ही अट नाही. आजीच्या नियमाने डाव लांबतो, पण कोणी कडेकडेने सुरक्षित चालून जिंकू शकत नाही. मामीच्या नियमाने डाव अर्ध्या तासात आटपतो, दुपारच्या कामांच्या मधे बसतो. दोन्ही नियमांना आपापलं कारण आहे. लग्न होऊन आलेल्या बायकांनी माहेरचे नियम सोबत आणले, इथल्या नियमांशी त्यांचं भांडण झालं, आणि त्यातून त्या घरचा खेळ ठरला.

आमच्या व्यवसायात याला फोर्क म्हणतात. मूळ कोडची प्रत घेऊन तिला वेगळी वाट फोडायची. म्हणून एक वाक्य फार गोड वाटतं, की आपले खेळ आधीपासूनच मुक्त-स्रोत होते. मी ते वाक्य वापरत नाही. ओट्यावरचा खेळ उघडा होता हे खरं, पण त्याची नोंद नव्हती. मुक्त-स्रोत प्रकल्पात कोणती ओळ कोणी, कधी, कशासाठी बदलली हे कायम राहतं. दहा वर्षांपूर्वीचा वादही वाचता येतो. ओट्यावरचा वाद ओट्यावरच संपतो आणि खेळणारं माणूस गेलं की नियमही जातो. दुसरीकडे ॲपकडे सगळी नोंद आहे, पण ती आपल्याला दिसत नाही.

म्हणून मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमध्ये मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो फुकटपणा नाही. भांडण लिहून ठेवायची सोय मोलाची वाटते. एकाच खेळाच्या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवता येतात. आजीचा नियम ही एक फाइल, मामीचा दुसरी. कोणाला चूक ठरवायची गरज नाही.

पण फाइल रिकामी असेल तर चांगला परवाना आणि चांगलं इंजिन काही करू शकत नाही. पहिलं काम कोड लिहायचं नाही, विचारून घ्यायचं आहे. तुम्ही इंजिनिअर नसलात तरी ते तुम्हाला जमेल. उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात जुन्या खेळाडूला हे विचारा. दान कशाने टाकायचे, आणि चारही पालथ्या पडल्या तर किती? सोंगट्या किती, आणि पहिली बाहेर काढायला कोणतं दान लागतं? फुलीवर दोघांच्या सोंगट्या एकत्र बसतात का? आत शिरायला मारणं लागतं का? मोठं दान लागोपाठ तीनदा पडलं तर ते धरायचं की सोडायचं? शेवटच्या घरात जायला नेमकं दान लागतं की जास्तही चालतं? आणि हे तुम्हाला कोणी, कोणत्या गावात शिकवलं?

उत्तरं त्यांच्याच शब्दांत, मराठीत, गावाच्या नावासकट लिहा. फोनवर आवाज रेकॉर्ड केला तरी चालेल, पण आधी त्यांना विचारून. पट कुठल्या बाजूने फिरतो ते बोटाने दाखवायला सांगा आणि त्याचा फोटो घ्या. एवढं हातात असेल तर कोड लिहायला एखादा शनिवार-रविवार पुरतो, हे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगते.

पुढच्या पिढीच्या फोनमध्ये पट असणार यात शंका नाही. सध्याच्या वेगाने तो एकाच नियमाचा, सहा बाजूंच्या फाशाचा असेल, आणि तोच मूळ खेळ असं मुलांना वाटेल. मारल्याशिवाय आत जाता येत नाही, हा आजीचा नियम आज आमच्या घरात तीन माणसांना माहीत आहे. तिघींचं वय साठच्या पुढे आहे.